फ्रान्सची राणी एलिनॉर हिने पहिला नवरा सोडून लगेच इंग्लंडच्या हेन्रीशी लग्न का केलं?

एक दुरुस्ती आधी: लग्नाच्या वेळी हेन्री इंग्लंडचा राजा नव्हता. तो १९ वर्षांचा नॉर्मंडीचा ड्यूक होता, ती त्याच्याहून दहाएक वर्षांनी मोठी.

खरा मुद्दा जमिनीचा. ११३७ ची गोष्ट: वडील वारले आणि अ‍ॅक्विटेन, म्हणजे फ्रान्सचा नैऋत्येकडचा मोठा भाग, पंधरा वर्षांच्या आसपासच्या या पोरीकडे आला. त्याच वर्षी तिचं लग्न फ्रान्सच्या सातव्या लुईशी लावून दिलं गेलं. पुढे दोन मुलीच झाल्या. लुईला गादीला वारस हवा होता, त्यात दुसऱ्या क्रुसेडमध्ये (ख्रिस्ती धर्मयुद्धात) दोघांचं चांगलंच बिनसलं. मार्च ११५२ मध्ये ‘नातं फार जवळचं’ या कारणावरून लग्न रद्द झालं. गंमत म्हणजे हेन्री तिला लुईपेक्षाही जवळचा नातेवाईक होता!

लग्न मोडताच जहागीर तिची तिला परत मिळाली, आणि तीच गळ्याशी आली. माहेरी पॉइटिएला जाताना वाटेत दोन सरदारांनी तिला पळवून जबरदस्तीने लग्न लावायचा बेत केला होता, असं तेव्हाची बखर सांगते. एकटी राहणं परवडणारं नव्हतंच. मग तिने स्वतःच तगडा जोडीदार निवडला: १८ मे, जेमतेम आठ आठवड्यांत.

सुखाचा संसार मात्र नव्हे. आठ मुलं झाली, पण ११७३ मध्ये मुलांच्या बंडाला साथ दिली म्हणून हेन्रीने तिला पकडलं (तेव्हा ती पुरुषी वेशात होती म्हणतात) आणि ११८९ मध्ये स्वतः मरेपर्यंत कैदेत ठेवलं.