जुन्या मधुमेहात पायांचा घाम आटतो आणि जेवताना डोक्यावरून गळतो, असं का?

झणझणीत मिसळीने घाम कोणालाही फुटतो, नाशिककरांना ते सांगायला नको. पण तुम्ही विचारलंत तसं, जुना मधुमेह असलेल्या तुमच्या वडिलांचं कपाळ आणि मान साध्या वरण-भातालाही भिजते आणि पाय कोरडे ठणठणीत, म्हणजे बहुधा घामावर ताबा ठेवणाऱ्या नसांना इजा झाली आहे. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की आधी पायांच्या लांब नसा बिघडतात. तिथला घाम थांबतो, टाचांना भेगा पडतात, त्यातून जंतू शिरतात, आणि पाय बधिर असल्याने दुखतही नाही. म्हणून द्राक्षबागेत त्यांना अनवाणी अजिबात जाऊ देऊ नका. रोज रात्री तळवे स्वतः बघा, व्हॅसलीन लावा, बोटांच्या बेचक्यात मात्र नको. एप्रिल-मेचं ऊनही त्यांना लवकर बाधेल. डॉक्टरांना पाय दाखवून नसांची तपासणी करून घ्याच.

अचानक दरदरून गार घाम आणि थरथर मात्र वेगळी. लगेच साखर मोजा. ७०च्या खाली असेल आणि ते शुद्धीत असतील तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. साखर ठीक असूनही गार घाम थांबत नसेल तर थेट हॉस्पिटल गाठा. मधुमेहात छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येतो.