कमी बजेटमध्ये मुद्दाम ‘इतका वाईट की मजा येते’ असा राक्षसपट कसा बनवायचा?

आधी ‘मुद्दाम’ हा शब्द खोडा. ‘रोबॉट मॉन्स्टर’मध्ये (१९५३) गोरिलाच्या अंगावर पाणबुड्याचं हेल्मेट आहे, कारण रोबॉटचा पोशाख परवडत नव्हता आणि गोरिलाचा एका नटाकडे तयार होता. ‘द जायंट क्लॉ’मधल्या (१९५७) नटांनी तो भयाण पक्षी शूटिंगच्या वेळी पाहिलाच नव्हता, म्हणून तर एवढ्या गंभीर चेहऱ्याने घाबरतात. कॅमेऱ्याला डोळा मारलात की मजा संपली. हे आमच्या कट्ट्यावरच्या एका विद्वानाला पंधरा वर्षं पटत नाहीये.

तेव्हा राक्षस जीव तोडून करा. एक इंची फोम आणा, तुकडे एसआर फेविकॉलने जोडा: दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की दाबायचा. पांढरा फेविकॉल नको, वाळून कडक होतो आणि कोपर वाकवलं की सांधा उकलतो. शिंगं थर्माकोलची करत असाल तर त्यांना एसआर लावू नका, थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. वरून लिक्विड लॅटेक्सचे (पातळ रबर) तीन-चार हात, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर पुढचा. रंग लॅटेक्समध्येच कालवा, नुसता ॲक्रिलिक वरून मारला तर पहिल्याच डरकाळीला तडकतो. वाळल्यावर रंग गडद होतो, म्हणून कालवताना फिकट ठेवा. पुण्याच्या बोहरी आळीत एक चक्कर मारलीत तर चेन, वेल्क्रो, किरकोळ सामान उरकेल.

आता खरी गोम. मोबाइलवर सेकंदाला १२० फ्रेम्सने घ्या, ३० ने चालवा. हालचाल चौपट संथ होते. पडायला वेळ चौपट लागला तर उंची त्याच्या वर्गाइतकी वाटते, आणि चारचा वर्ग सोळा, म्हणजे साडेपाच फुटी माणूस ८८ फुटी वाटतो. सेटवरची घरंही सोळाव्या हिश्शाची हवीत, कॅमेरा त्यांच्या गच्चीच्या खाली. शूटिंग दिवसा, उघड्यावर करा. ट्यूबलाइटखाली १२० फ्रेम्सला चित्र लुकलुकतं. मुळा-मुठेत राक्षस उतरवू नका, पाण्याचे थेंब लहान होत नाहीत, सगळं बिंग फुटतं.

बजेटचं विचारलंत, तर फोम-लॅटेक्सपेक्षा जेवणावर जास्त जाईल. आणि हो, एसआर बंद खोलीत वापरू नका, आसपास काडी ओढू नका. लॅटेक्सची ॲलर्जी असते, आधी मनगटावर थेंब लावून बघा. पोशाखात माणूस एका वेळी दहा मिनिटंच, पुण्याच्या एप्रिलमध्ये तर पाचच. आमचा विद्वान मात्र अर्धा तास चालेल.