तीन फुल्यांच्या दुसऱ्या दिवशी

पोरी,

काल परतताना बसमध्ये तू अख्खा वेळ खिडकीबाहेर बघत होतीस. मीही बोललो नाही. पोल व्हॉल्टच्या तक्त्यात तुझ्या नावापुढे तीन फुल्या, म्हणजे तिन्ही उड्या फसलेल्या, आणि उंचीचा रकाना रिकामा, अशा संध्याकाळी काही सांगितलेलं डोक्यात शिरत नाही.

सर्गेई बुब्काचं नाव तू माझ्या तोंडून शंभरदा ऐकलंयस. ३५ विश्वविक्रम, १९८५ मध्ये पॅरिसला सहा मीटर पार करणारा जगातला पहिला माणूस, ओळीने सहा जागतिक अजिंक्यपदं. एवढंच सांगत आलो, ते चुकलं माझं. त्याचं ऑलिंपिकही सांगायला हवं होतं.

१९८४ ला सोव्हिएत संघाने लॉस एंजेलिसवर बहिष्कार टाकला, हा घरीच. १९८८ ला सोलमध्ये ५.९० मीटर आणि सुवर्ण. त्यानंतर एकही पदक नाही. अटलांटाला टाचेची शीर दुखावलेली, उडी मारताच आली नाही. सिडनीत ५.७० वर तिन्ही प्रयत्न गेले. आणि १९९२ चं बार्सिलोना! ५.७० वर दोनदा चुकला, उरलेला एक प्रयत्न ५.७५ साठी राखला, तोही गेला. विश्वविक्रम ज्याच्या नावावर, त्याच्या रकान्यात शून्य.

ती तारीख ७ ऑगस्ट. ३० ऑगस्टला इटलीत पाडुआला तो ६.१२ उडाला. सप्टेंबरात टोकियोला ६.१३. तेवीस दिवसांत अंगात नवी ताकद येत नाही गं. ती होतीच.

तुझीही आहे. तिसऱ्या उडीला मी बाजूलाच उभा होतो. शेवटच्या चार पावलांत तू घाबरून ढांग लांबवलीस, उडीचा पाय वरच्या हाताच्या खाली पडायचा तो वीतभर पुढे पडला. पोल बॉक्समध्ये, म्हणजे जमिनीतल्या खाचेत, टेकला तेव्हा तुझा वरचा हात अजून वाकलेलाच होता. धावेचा सगळा वेग खांद्यात जिरला, पोल वाकणार कसा? पेत्रोव्ह, म्हणजे बुब्काचे गुरू, हेच घोटवून घ्यायचे: पोल टेकून धक्का बसायच्या आत पायाने जमीन सोडलेली हवी.

सुरुवातीची उंची मीच चढी लावली होती. पुढच्या वेळी वीस सेंटिमीटर खाली ठेवू.

सोमवारी सहाला ये. गादीकडे जायचं नाही. खडू आणि टेप मी आणतो, आधी ती चार पावलं मोजू.

तुझे सर