आईचं सगळं बहीण एकटी करते, मी लांब राहतो. तिला खरी मदत कशी करू?

तुम्ही लिहिलंय की आई २ वर्षांपासून अंथरुणावर आहे आणि तिचं सगळं धाकटी बहीण बघते. तुम्ही रोज फोन करता, "काही लागलं तर सांग" म्हणता, पण ती काहीच सांगत नाही आणि हल्ली तुटक बोलते.

मी तुमच्या बहिणीच्या जागी होते. वडिलांची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेली, तेव्हापासून साडेचार वर्षं त्यांचं सगळं मी केलं. म्हणून आधी एक विनंती. "काही लागलं तर सांग" हे वाक्य आजपासून सोडून द्या. काय लागेल ते ओळखायचं, मग मागायचं, मग तुम्हाला समजावून सांगायचं, हेही तिच्यावरच येतं.

तिची रात्र कशी जाते ते सांगते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, खुब्यांवर, टाचांवर जखमा होतात. सुरुवातीला कातडी नुसती लालसर दिसते, पण बोटानं दाबूनही तो लालपणा जात नाही. तेवढ्यावर सावध झालं नाही तर पुढे फार हाल होतात. मी ११, १, ३ आणि ५ चे गजर लावायचे आणि गजर व्हायच्या आधीच डोळे उघडायचे. वडील गेल्यावरही कित्येक महिने ३ वाजता जाग यायची. बहीण तुटक बोलते ती तुमच्यावर रागावून असेलच असं नाही. झोप नसते हो.

मला खरा हात दिला दोघांनी. थोरला भाऊ दुसऱ्या गावी असतो, त्यानं गोळ्या आपल्याकडे घेतल्या. नुसते पैसे पाठवले असं नाही. डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्याकडे, कुठली गोळी किती उरली याचा हिशोब त्याच्याकडे, आणि संपायच्या आठवडाभर आधी पुडकं दारात. डोस बदलला की मी फक्त फोटो पाठवायचा. रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्यात हे आपल्याला माहीतच नाही, असं एक दिवस माझ्या ध्यानात आलं, तेव्हा मला रडू आलं, इतकं हलकं वाटलं.

दुसरी माझी आत्तेबहीण. दर गुरुवारी दुपारी २ ते ६ ती यायचीच. "जमलं तर येते" असं कधी म्हणाली नाही. त्याआधी दोनदा माझ्याशेजारी उभी राहून तिनं कूस बदलायला शिकून घेतलं: गुडघा वाकवायचा, एक हात खांद्यामागे, एक खुब्यावर, आणि आपल्याकडे वळवायचं. लुळा हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. हे तिला येतंय म्हटल्यावरच मी निर्धास्त झाले. पहिल्या गुरुवारी मी कुठे गेलेसुद्धा नाही. शेजारच्या खोलीचं दार लावून चार तास झोपले.

ताण कमी होणं ही चैन नाही. आजारी जोडीदाराची देखभाल करणाऱ्या वयस्क लोकांचा एक अमेरिकी अभ्यास १९९९ मध्ये आला. ज्यांना त्या कामाचा ताण होत होता, त्यांच्यात ४ वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण, देखभाल न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. ताण नसलेल्यांमध्ये अशी ठळक वाढ दिसली नाही.

तुम्ही लांबून औषधं घेऊ शकता, किंवा डॉक्टरांच्या तारखा, विम्याचे आणि बँकेचे कागद, रात्रीसाठी मदतनीस शोधणं आणि तिचा पगार. एकच घ्या, पण पूर्ण घ्या. आणि वर्षातून दोनदा आठ-दहा दिवस जा. पहिले दोन दिवस तिच्या हाताखाली शिका, मग तिला घराबाहेर पाठवा. त्या दिवसांत तिनं लावलेली घडी मोडू नका आणि कुणाचे ऐकीव उपायही सुचवू नका. कुठल्या कुशीवर आईला दुखतं हे तिला ठाऊक आहे.

आज फोन कराल तेव्हा आईची चौकशी नंतर करा. आधी विचारा, "काल रात्री किती वेळा उठलीस?"