टेस्ट्समध्ये सिस.पाथला हात लावू नका, पॅकेज इन्स्टॉल करा

तुमची अडचण थोडक्यात अशी: प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरात 'हिशेब' हे पॅकेज, शेजारी 'टेस्ट्स' फोल्डर. 'पायथन टेस्ट्स/टेस्ट_व्याज.पाय' चालवलं की 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर'. मग प्रत्येक टेस्टच्या वर सिस.पाथ.अपेंड('..') घातलं, म्हणजे पायथन जिथे मॉड्यूल शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत (सिस.पाथ) एक पायरी वरचा फोल्डर जोडला. ते तुमच्याकडे चालतं, सहकाऱ्याकडे अडतं.

अडणारच. ते '..' फाइल कुठे आहे त्यावरून ठरत नाही, टर्मिनल कुठल्या फोल्डरात उभं आहे त्यावरून ठरतं. त्या ओळी आधी काढून टाका.

मूळ कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. फाइल थेट चालवली की पायथन सिस.पाथमध्ये सगळ्यात पुढे त्या फाइलचा फोल्डर ठेवतो, म्हणजे इथे 'टेस्ट्स'. त्यात 'हिशेब' नाहीच, मग सापडणार कुठून? तेच मूळ फोल्डरातून 'पायथन -एम युनिटटेस्ट' (युनिटटेस्ट म्हणजे पायथनसोबतच येणारं टेस्ट चालवायचं साधन) म्हटलं तर चालू फोल्डर पुढे येतो आणि इम्पोर्ट चालतो. पायटेस्ट हे वेगळं इन्स्टॉल करायचं तसलंच साधन; नुसतं 'पायटेस्ट' आणि 'पायथन -एम पायटेस्ट' यांत कधी कधी फरक पडतो तोही यामुळेच.

युनिटटेस्ट वापरत असाल तर एक गोष्ट नक्की बघा. 'टेस्ट्स' फोल्डरात __इनिट__.पाय (फोल्डर पॅकेज आहे हे सांगणारी फाइल, रिकामी असली तरी चालते) नसेल तर मूळ फोल्डरातून शोध घेताना तो फोल्डर वगळला जातो. पायथन ३.१२ च्या आधी अशा वेळी शून्य टेस्ट्स चालून खाली 'ओके' येत असे आणि सीआय (कोड पाठवला की आपोआप टेस्ट्स चालवणारी यंत्रणा) हिरवं दिसत असे. मला ही गोष्ट इम्पोर्टच्या एररपेक्षा जास्त घातक वाटते, कारण एरर निदान दिसतो तरी. ३.१२ पासून मात्र अशा वेळी एक्झिट कोड ५ मिळतो, म्हणजे कमांड अयशस्वी धरली जाते.

आता कायमचा उपाय. 'हिशेब' उचलून 'एसआरसी' फोल्डरात ठेवा, 'टेस्ट्स' बाहेरच राहू द्या. पायप्रोजेक्ट.टॉमल या प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये बिल्ड-सिस्टिम (पॅकेज कशाने बांधायचं ते), नाव आणि आवृत्ती लिहा आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) चालू करून 'पिप इन्स्टॉल -ई .' द्या. '-ई'मुळे प्रत न बनता तुमचाच फोल्डर जोडला जातो. कोड बदलला तरी पुन्हा इन्स्टॉल करावं लागत नाही. टेस्टमध्ये सरळ 'फ्रॉम हिशेब.व्याज इम्पोर्ट सरळव्याज' लिहा, सिस.पाथची गरज उरत नाही. छोट्या प्रोजेक्टला हे जड वाटतं हे मान्य, पण मी दोन फाइलींच्या कामालाही हेच करते. इन्स्टॉल करायचंच नसेल तर पायटेस्ट ७ पासून 'पायथनपाथ' ही सेटिंग आहे, तीही चालेल.

दोन उपफोल्डरांत टेस्ट_युटिल्स.पाय या एकाच नावाच्या फाइली असतील तर पायटेस्ट तक्रार करतो. नावं वेगळी ठेवा, नाहीतर त्या फोल्डरांत __इनिट__.पाय घाला. आणि स्वतःच्या फाइलला रँडम.पाय किंवा स्टॅटिस्टिक्स.पाय असलं नाव देऊ नका, पायथनच्या मूळ मॉड्यूलऐवजी तीच उचलली जाते.

हे झालं की होम फोल्डरात जाऊन पायथन उघडा, 'हिशेब' इम्पोर्ट करा आणि हिशेब.__फाइल__ प्रिंट करा. रस्ता 'एसआरसी'मधला दिसला तर काम झालं. 'साइट-पॅकेजेस'मधला (इन्स्टॉल केलेली पॅकेजेस जिथे जातात तो फोल्डर) दिसला तर जुनी प्रत इन्स्टॉल झालेली आहे आणि टेस्ट्स तुमचा नवा कोड तपासतच नाहीत. ती अनइन्स्टॉल करून पुन्हा '-ई' लावून घाला.