पास परत देऊ नका

ताई, तुमचं वाचून माझी रात्रीची झोपच उडाली. आठवीतलं पोरगं, साताऱ्यात लीगचे सामने, स्वयंसेवक म्हणून पाण्याच्या बाटल्या उचलायला दुपारी दोनला बोलावून रात्री साडेअकराला सोडलं, हातावर वडापाव आणि वर ‘एवढा अनुभव कुठं मिळतो’. आमचंही हेच झालं होतं. फक्त शहर सांगली आणि खेळ कबड्डी.

आमच्या तेरा वर्षांच्या पोराचं काम म्हणजे मॅटवर सांडलेला घाम पळत जाऊन पुसायचा. पहिल्या दिवशी स्वारी हवेत होती, टीव्हीवरचे खेळाडू हाताच्या अंतरावर! चौथ्या रात्री गुडघे सुजले. तासगावची शेवटची एसटी गेलेली, मी मोटारसायकल काढून त्याला आणायला गेलो.

तक्रार कुठं करायची ते बाकीचे सांगतीलच, १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर तर सगळ्यांना पाठ आहे. मी माझी चूक सांगतो. शेवटच्या दिवशी पोरांना सांगितलं, गळ्यातले पास जमा करा, प्रमाणपत्रं त्यावरूनच निघणार. पासवर नाव, फोटो, नेमून दिलेलं काम आणि मागच्या बाजूला रोज आल्या-गेल्याच्या वेळेवर सह्या. पोरगं द्यायला तयार नव्हतं, आठवण म्हणून हवा होता त्याला. मीच म्हणालो, दे रे, कशाला वाद. साधा मोबाइलवर फोटोही काढला नाही. दीड महिन्यानं प्रमाणपत्र आलं, त्यावर लिहिलेलं ‘उपस्थितीबद्दल’!

मग एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला. साहेबांचा पहिलाच प्रश्न, “मुलगा काम करत होता की सामने बघायला गेला होता?” दाखवायला माझ्याकडं काय होतं, टी-शर्ट. तो तर स्टेडियमबाहेर विकतही मिळत होता. मग म्हणाले शाळेचं पत्र आणा. शाळा म्हणते आम्ही पाठवलंच नाही, आणि नावं वर्गात सरांनीच वाचलेली. पाच हेलपाटे झाले. पाचव्या खेपेला कळलं की अर्जच सापडत नाही, कारण मी पोच घेतली नव्हती. तिथली जेवणाची सुट्टी किती वाजता संपते हे मला आजतागायत समजलेलं नाही, असो.

मी वकील नाही, त्यामुळं पुढचं जाणकाराकडून तपासून घ्या. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ ला झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला बंदी आहे. घरच्या धंद्यातली मदत आणि कलाकार किंवा खेळाडू म्हणून भाग घेणं एवढीच सूट, तीही शाळा सांभाळून. खेळाडूला दिलेल्या सवलतीतसुद्धा २०१७ च्या नियमांनी दिवसाला पाचच तास ठेवलेत आणि तीन तासांपेक्षा जास्त सलग नाही. तुमच्या मुलाकडून साडेनऊ तास बाटल्या उचलून घेतल्या. तो खेळाडू कसला?

‘ही सेवा आहे’ असं आयोजक म्हणणारच. लोणंदला माउलींच्या पालखीला आपण पाणी वाटतो ती सेवा. जिथं तिकिटं विकतात, जाहिरातींचे पैसे घेतात, खेळाडूंची बोली लागते, तिथं पाणी वाटायला फुकट पोरं कशाला? माझं मत कडू आहे, माहीत आहे. दिल्लीच्या १९८२ च्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे बेगार असं म्हटलं होतं. ते मजुरांबद्दल होतं, स्वयंसेवकांना जसंच्या तसं लागू पडेल असा दावा मी करत नाही. पण अशा सामन्यांत फुकट राबणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी ते वाचावं.

आणखी एक. ‘दहावीला खेळाचे गुण मिळतील’ असं कुणी म्हटलं असेल तर सोडून द्या. ते खेळणाऱ्याला मिळतात, मॅट पुसणाऱ्याला नाहीत.

तुम्ही लिहिलंय, अजून दोन दिवस सामने आहेत. पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी पाठवला नसता. पण पास अजून घरात असेल तर आत्ताच दोन्ही बाजूंचा फोटो काढा. शाळेच्या ग्रुपवर नावांची यादी आली असेल तर तीही जपून ठेवा, आमच्या ग्रुपवरची आठवड्याभरात कुणीतरी काढून टाकली होती.