मुंबईहून अमेरिकेला जायचं तर वाट दुबई-दोहावरूनच का?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबांचं मुंबई–बोस्टन तिकीट बघताना परवडणारे सगळे पर्याय दुबई नाहीतर दोहामार्गे निघाले, आणि विचारलंय की एवढा मोठा देश, एवढे प्रवासी असताना आपल्या कंपन्या झोपल्यात का?

पुण्यात तिकिटांच्या धंद्यात माझी बावीस वर्षं गेली. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी काउंटरवर येतो.

आधी हे बघा की बोस्टनला भारतातून थेट विमानच नाही. एका विमानाला पुरतील एवढे बोस्टनवाले मुंबईत रोज मिळणार कुठून? दुबईला ही अडचण येत नाही. मुंबईहून निघालेल्या एका विमानात बोस्टनचे चार, मँचेस्टरचे सहा, टोरांटोचे दहा असे लोक बसतात. तसेच ढाका, कोलंबो, कराचीहूनही येतात. रात्री सगळ्यांना तिथे उतरवायचं, दोन-तीन तासांत पुन्हा वाटून दुसऱ्या विमानांत चढवायचं. आपल्याकडे मनमाड जंक्शन करतं तेच, फक्त काचेच्या इमारतीत.

पण नुसत्या भूगोलावर हे चालत नाही. 1944 साली शिकागोत 52 देशांनी करारावर सह्या केल्या आणि ठरलं की आपल्या डोक्यावरचं आकाश ज्याच्या त्याच्या मालकीचं. तेव्हापासून परदेशी कंपनीने तुमच्याकडे नेमाने विमान आणायचं तर सरकारची परवानगी लागते, आणि ती दोन देशांच्या करारातून मिळते. धंद्यात आम्ही त्याला बायलॅटरल म्हणतो. आठवड्याला किती सीट, कोणती शहरं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. भारत–दुबई कराराची मर्यादा दोन्ही बाजूंना आठवड्याला सुमारे 66 हजार सीटची. कागदावर हा हक्क भारत ते दुबई एवढाच. पण दुबईच्या कंपनीकडे, म्हणजे एमिरेट्सकडे, अमेरिकेच्या कराराचा दुसरा तुकडा आहेच. दोन तुकडे जोडले की मुंबई–बोस्टन तयार!

पुणेकर विचारतात, 'एमिरेट्स पुण्याहून का नाही हो?' याच कारणाने. 2022 मध्ये अमिरातीने आठवड्याला आणखी 50 हजार सीट आणि आठ नवी शहरं मागितली होती. त्या यादीत पुणेही होतं, गोवाही. दिल्लीने तेव्हा ते मान्य केलं नाही.

पूर्वी मात्र हात सैल होता. 2013 मध्ये अबुधाबीच्या एतिहाद कंपनीने सुमारे 2,058 कोटी रुपये मोजून जेट एअरवेजचा 24 टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं, आणि त्याच सुमारास अबुधाबीच्या सीट सुमारे 13 हजारांवरून टप्प्याटप्प्याने 50 हजारांवर नेण्याचा करार झाला. जेट एप्रिल 2019 मध्ये जमिनीवर बसली. सीटचा हक्क अबुधाबीकडे राहिला. माझ्या मते त्या व्यवहारात आपण विकलं जास्त, मिळवलं कमी.

आपल्या कंपन्यांचं म्हणाल तर हातपाय बांधून पळायला लावलं होतं. नव्या कंपनीने पाच वर्षं देशात उडायचं, वीस विमानं जमवायची, मगच परदेशी जायचं, असा नियम 2016 पर्यंत होता. एअर इंडिया जानेवारी 2022 पर्यंत सरकारकडेच. विमानाचं इंधन जीएसटीबाहेर, त्यामुळे देशांतर्गत उड्डाणांवर राज्यांचा व्हॅट. मुंबई-पुण्यात तो 2023 च्या अर्थसंकल्पापर्यंत 25 टक्के होता, मग 18 झाला. आणि लांब पल्ल्याची मोठी विमानं मुळातच थोडी. इंडिगोने मुंबईहून मँचेस्टर आणि अॅमस्टरडॅम सुरू केलं तेही जुलै 2025 मध्ये, भाड्याची विमानं आणून. या धंद्यात जगभर एका प्रवाशामागे निव्वळ नफा सुटतो सात-आठ डॉलर, त्यात चुका परवडत नाहीत.

त्यात राजकारण. रशियाने 2022 मध्ये युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना आकाश बंद केलं, एअर इंडियाला नाही. तेव्हा तिचा फायदा झाला. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना वाट बंद केली आणि पारडं फिरलं. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना वळसा पडला, इंधन आणि कर्मचाऱ्यांचे तास वाढले. दिल्ली–वॉशिंग्टन थेट विमान 1 सप्टेंबर 2025 पासून थांबलं, त्याचं हे एक कारण. आखातवाल्यांना मात्र पाकिस्तानवरून जायला मोकळीक. अर्थात त्यांचंही सगळं एकाच टोपलीत आहे. 23 जून 2025 ला कतारमधल्या अमेरिकी तळावर इराणची क्षेपणास्त्रं आली, त्या रात्री दोहाचं आकाश बंद झालं आणि जगभरचे लोक वाटेत अडकले.

मग आपण जास्त सीट द्याव्यात का? गिऱ्हाईक म्हणून हो, भाडी उतरतील. पण आपल्या कंपन्यांनी आता मोठ्या विमानांच्या ऑर्डरी दिल्यात. ती येण्याआधीच सगळं दार उघडलं तर मुंबईला कधी जंक्शन होता येणार नाही. मी दिल्या असत्या, पण बदल्यात काहीतरी ठोस वाजवून घेऊन.

मध्यंतरी लेकीच्या बाळंतपणाला न्यूजर्सीला निघालेलं एक जोडपं आलं होतं. काकूंच्या पिशवीत डिंकाच्या लाडवांचा डबा, त्या घरून थेट वजन करायलाच घेऊन आलेल्या. "विमान बदलायला लागू नये एवढंच बघा." मी स्क्रीन फिरवून थेट आणि दुबईमार्गे असे दोन्ही आकडे दाखवले. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बदलू की."

त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या, म्हणजे पहिलं विमान उशिरा पोहोचलं तरी पुढची सोय कंपनी करते. मध्ये तीन तास तरी ठेवा. आणि गुडघे ठणठणीत असले तरी आई-बाबांसाठी व्हीलचेअर नोंदवा. खरं म्हणजे ती गरजूंसाठी असते, हे मलाही कळतं, पण इंग्रजी पाट्या वाचत टर्मिनलभर फिरण्यापेक्षा ढकलणारा मुलगा त्यांना नेमक्या गेटवर नेऊन बसवतो.